मधल्या शिवणीचं वळण

त्या नटीचा गाऊन मी पहिल्यांदा पाहिला तो रविवारी सकाळी, दात घासता घासता. कुठल्यातरी बक्षीस समारंभाचा कार्यक्रम टीव्हीवर पुन्हा दाखवत होते आणि माझी लेक समोर मांडी घालून बसली होती. "आई, धावत ये, धावत ये," असं ती ओरडली तेव्हा मला वाटलं, झुरळ निघालं. तशीच तोंडात ब्रश धरून बाहेर आले आणि जागच्या जागी उभी राहिले.

काळपट हिरवा गाऊन. गळा बंद, बाह्या मनगटापर्यंत, अंगावर ना टिकली, ना खडा, ना लेस. नटी पायऱ्या चढत होती. कापड जड होतं, छान पडणारं होतं. दर पायरीला ते तिच्या पावलावर यायचं आणि मुकाट्याने बाजूला व्हायचं.

मला सहसा कपडा आवडत नाही. मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर शिवणखोलीत बसते आणि लोकांनी खाली विकत घेतलेले कपडे आवळते, सैल करते, आखूड करते. त्यामुळे मला कपड्याची आधी खोट दिसते. खांदा उतरलाय, बाही ओढतेय, घेर एकीकडे लोंबतोय. माझ्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे शिक्षा आहे, असं लेक म्हणते. पण त्या गाऊनमध्ये मला खोट सापडेना, म्हणून मी डावा डोळा मिटला.

ही माझी सवय आहे. शिवण सरळ पडलीय की नाही हे बघायचं असलं की मी डावा डोळा मिटून एकट्या उजव्याने बघते, नेम धरल्यासारखं. आत्याने शिकवलंय. ती म्हणायची, दोन डोळे एकमेकांना सांभाळून घेतात, एकट्या डोळ्याला तसं करता येत नाही.

आणि मग ती शिवण दिसली. गळ्याच्या खळगीपासून थेट जमिनीपर्यंत, मधोमध, एकच. पण काय शिवण! छातीखाली आली आणि तिथे तिने हलकेच एका बाजूला वळण घेतलं, पोटाला वळसा घातला आणि कमरेखाली पुन्हा आपल्या जागी येऊन सरळ चालती झाली. पोटावर एकही टक्स नव्हता, चुणी नव्हती. मी मनाशी म्हटलं, अच्छा, म्हणजे सगळं फिटिंग या वळणात लपवलंय होय! ज्या कुणी हा कापला त्याचे हात एकदा बघावेत असं वाटलं. खरं सांगायचं तर जळले मी.

"किती साधा आहे ना," लेक म्हणाली. "म्हणूनच भारी दिसतो."

"साधा म्हणे! शिवायला बस, म्हणजे कळेल."

"मी कशाला बसू? तू बस. मला असाच हवाय, वर्धापनदिनाला."

माझ्या लेकीला घरात सगळे चिंगी म्हणतात. तिच्या वयाला आणि उंचीला ते मुळीच शोभत नाही, पण चिकटलं ते चिकटलं. ती एका संगीत सभागृहात निवेदिका आहे. आजवर ती मागच्या काचेच्या खोलीतून बोलायची, म्हणजे आवाज रंगमंचावर आणि बाई आत. या वर्धापनदिनाला मात्र तिला पहिल्यांदाच पडद्यासमोर, सगळ्या दिव्यांत उभं राहायचं होतं. तेव्हापासून ती जेवताना सुद्धा स्वगत म्हणावं तसं निवेदन पुटपुटायची.

"मला कुणीतरी सांगा तरी," खिडकीजवळच्या खुर्चीतून आत्या म्हणाली. "कसा आहे?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिने मला हातात सुई दिली आणि आता ती माझ्याकडे राहते. तिला दिसतं, पण कडेकडेचं. मधलं सगळं गेलंय. समोरच्याचा चेहरा बघायचा तर तिला मान फिरवून भलतीकडे बघावं लागतं, म्हणजे तो माणूस तिच्या नजरेच्या कडेला येतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारीला काय तोरा आहे, बोलताना तोंड फिरवते. आत्या त्यांचा गैरसमज दूर करत नाही, कारण तिला तो आवडतो.

चिंगी फोन आणायला आत गेली होती. मी आत्याला रंग सांगितला, गळा सांगितला, बाह्या सांगितल्या आणि शेवटी चवीचवीने ते वळण सांगितलं.

"समोरच्या मधल्या शिवणीला वळण?" आत्या म्हणाली.

"हो ना! छातीखाली."

"दोन्हीकडे?"

"एकाच बाजूला. तीच तर कमाल आहे."

"असं," आत्या म्हणाली आणि तिने मान खिडकीकडे फिरवली, म्हणजे ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर रोज कामावरून आले की मी जेवणाचं टेबल रिकामं करायची आणि त्यावर तपकिरी कागद पसरायची. एरवी समोरचा भाग कापड दुमडून एकदमच कापतात, दोन्ही बाजू सारख्या येतात. इथे ते चालणार नव्हतं. एका बाजूची कड बाहेर फुगलेली, दुसरीची तेवढीच आत गेलेली, आणि दोघींना एकमेकींत असं बसवायचं की कुठे चुणी दिसू नये. कागद कापला, चुरगाळून टाकला, पुन्हा कापला. चिंगीने त्या गाऊनचा फोटो पाठवला होता, तो मी उघडलासुद्धा नाही. एकदा पाहिलेला कपडा मला फोटोत बघावा लागत नाही, अशी माझी घमेंड आहे. चांगलं हिरवं कापड आणून कपाटात ठेवलं होतं, पण त्याला एवढ्यात कात्री लावायची नव्हती. आधी मांजरपाटावर कच्चं शिवायचं, अंगावर घालून बघायचं, मग पुढचं. ते दिवस फार आनंदाचे गेले. आत्या खुर्चीतून कात्रीचा आवाज ऐकत असायची आणि नेहमीसारखी मध्ये मध्ये बोलायची नाही, हे मला जाणवलं होतं, पण म्हटलं, तिचे गुडघे दुखत असतील.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी चिंगी तो मांजरपाटाचा गाऊन घालून स्टुलावर उभी राहिली. मी ओठांत टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होते.

"आई, ही मधली शिवण अशी काय गेलीय?"

"अशी म्हणजे?"

"वाकडी."

"वाकडी नाही, वळणदार. तिच्या गाऊनचीच तर आहे."

"कुणाच्या?"

"त्या नटीच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

चिंगी हसायला लागली. "काहीतरीच काय आई! तिची अगदी नाकासमोर सरळ आहे." तिने फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि माझ्यासमोर धरला.

मी बघितलं. शिवण सरळ होती. पट्टी धरून ओढावी तशी, गळ्यापासून जमिनीपर्यंत. माझा विश्वास बसेना, म्हणून सवयीने डावा डोळा मिटला.

शिवण वळली.

डोळा उघडला, सरळ. मिटला, वळली. छातीखाली आली, पोटाला वळसा घातला, पुन्हा जागेवर गेली. मला इतकी आवडलेली, इतके दिवस कागदावर काढलेली ती शिवण फक्त माझ्या उजव्या डोळ्यात होती. ओठातली एक टाचणी खाली पडली आणि ती उचलायला मी वाकले ती जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

"काय झालं गं?"

"कुठे काय? मी म्हटलं, तुला जरा वेगळं करू. हुबेहूब नक्कल कशाला करायची?"

"नको बाई, मला सरळच हवी."

"बरं, सरळ तर सरळ," मी म्हणाले.

चिंगी बाहेर गेली आणि मी घरभर फिरले. डावा डोळा तळहाताने झाकून एकेक वस्तू बघितली. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मध्यावर आत ओढली गेली होती. खिडकीचे गज एकमेकांकडे झुकले होते. न्हाणीघराच्या फरश्यांच्या रेघा एका जागी गोळा झाल्या होत्या आणि त्या जागेच्या मधोमध बोट पुसावं तेवढा एक मळकट डाग होता. मी फडकं आणून तो डाग पुसला. मग लक्षात आलं की मी जिकडे बघेन तिकडे तो येतोय. तिथेच टबाच्या काठावर बसले.

मला भीती वाटली. एवढी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती, की चिंगीचे बाबा बोटीवर असताना वादळात दोन दिवस त्यांचा पत्ता नव्हता तेव्हाही वाटली नव्हती. कारण तेव्हा पुढे काय होणार ते माहीत नव्हतं. आता मला पायरी पायरी माहीत होती. आत्याचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. आधी ती मला सुई ओवायला सांगू लागली. मग रस्त्यात ओळखीच्या बायकांना ओळख देईना, आणि त्या रुसल्या. मग एक दिवस तिने मला विचारलं, तू केस कापलेस का गं? मी केस कापले नव्हते. तिला माझा चेहराच दिसत नव्हता, केसांची कड तेवढी दिसत होती, आणि ती त्या कडेवरून अंदाज बांधत होती.

आता चिंगीचा चेहरा असाच पुसला जाणार होता.

शहाणी बाई असती तर तडक डॉक्टरकडे गेली असती. मी गेले नाही. डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊकच होतं, मग ऐकायला कशाला जायचं? शिवाय चिंगीचा कार्यक्रम तोंडावर आला होता. शिवाय कामावर कळलं तर? मी अशी शिवायांची चळत रचत गेले. खरं कारण एकच होतं. न बोलता ते फक्त माझ्या एका डोळ्यात होतं, बोलले की ते घरभर होणार होतं. मग मी रोज सकाळी उठायच्या आधी डावा डोळा झाकून छताची कड बघायची. कधी वाटायचं, कालच्याएवढंच आहे. कधी वाटायचं, वाढलं, नक्की वाढलं.

एकदा मी भाजी चिरत होते आणि आत्या मागून म्हणाली, "या दाराची चौकट सरळ आहे का गं?"

माझी सुरी थांबली. "सरळ आहे की," मी म्हणाले. पटकन म्हणाले आणि गोड आवाजात म्हणाले. "तुला काय आज चौकटीचं पडलंय?"

"नाही, सहज विचारलं."

तिकडे शिवणखोलीत माझी वेगळीच तारांबळ होती. आमचे मास्तर, म्हणजे खोलीतले मुख्य शिंपी, तोंडाने फटकळ पण मनाने बरे. त्यांनी माझ्यासमोर एक बारीक रेघांचा कोट टाकला. गिऱ्हाइकाला बाजू आवळून हवी होती. रेघांच्या कापडात रेघेला रेघ मिळावी लागते, नाहीतर कोट दुकानातून बाहेर पडण्याआधीच परत येतो. मी टाचण्या लावल्या आणि बघितलं तर मधल्या सगळ्या रेघा कुणी चिमटीत धरल्यासारख्या एकत्र आल्या होत्या. उसवलं, पुन्हा लावल्या. मग मला सुचलं आणि मी उजवा डोळा मिटला. डाव्याने सगळं जिथल्या तिथे होतं.

"बाई," मास्तर म्हणाले.

"काय?"

"तुम्ही डावा मिटता ना नेहमी? आज उजवा?"

खोलीतली सगळी मशिनं एकदम बंद झाली असं मला वाटलं. प्रत्यक्षात कुणाचं लक्षही नव्हतं.

"मास्तर, तुम्ही कापडाकडे बघता की माझ्या डोळ्यांकडे?" मी म्हणाले. "घरी सांगू का वहिनींना?"

मास्तर ओशाळून हसले आणि वळले. मी पण हसले. पण त्या दिवशी कोट संपवेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि घरी येताना रस्ता ओलांडायला मी तीन वेळा पाय पुढे टाकून मागे घेतला. येणाऱ्या गाड्या मला नीट दिसत होत्या. माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता, दुसरं काही नाही.

घरी आले तर आत्याच्या मांडीवर तो मांजरपाटाचा गाऊन होता. तो मी कपाटात अगदी तळाशी कोंबून ठेवला होता. तिने समोरचा भाग गुडघ्यांवर पसरला होता आणि तिचं बोट शिवणीवरून खाली खाली जात होतं. छातीखाली ते वळलं, पोटाला वळसा घालून आलं, आणि थांबलं.

"कोणता डोळा?" आत्याने विचारलं.

मी पर्स खाली ठेवली. चपला काढल्या. पाणी प्यायला गेले, भांडं भरलं आणि तसंच ओट्यावर ठेवून परत आले.

"उजवा," मी म्हणाले.

"मला त्या रविवारीच शंका आली होती. समोरची मधली शिवण कुणी वळवतं का? आणि वळवलीच तर एका अंगाला?" तिने गाऊन बाजूला ठेवला. "माझ्या वेळी कपाटाचं दार वाकडं दिसायला लागलं. मी सुताराला बोलावलं आणि त्याला वाट्टेल तसं बोलले. बिचाऱ्याने दार काढून पुन्हा बसवून दिलं. मी म्हटलं, अजून वाकडंच आहे. तो म्हणाला, बाई, तुम्ही एकदा डोळे दाखवा. मी त्याला हाकलून दिलं."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मी तिच्या खुर्चीशी खाली बसले. "मला भीती वाटते आत्या. मला तुझ्यासारखं नाही व्हायचं."

हे तोंडातून निघून गेलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याने मान फिरवली, दूर भिंतीकडे, म्हणजे थेट माझ्याकडे.

"मलाही व्हायचं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या वेळी डॉक्टरांनी नुसती मान हलवली. आता इंजेक्शनं निघालीत, शेजारच्या काकांना देतात, त्यांची बायको मला जिन्यात सगळं सांगत असते. वेळेवर गेलं तर राहतं म्हणे. आणि तू काय करतेस? रोज सकाळी छत बघतेस! मला ऐकू येतं, तू जागी होतेस आणि कितीतरी वेळ पलंगावरून पाय खाली ठेवत नाहीस. मीही तेच करायची."

"उद्या जाते."

"उद्या नाही. आत्ता फोन कर, माझ्यासमोर."

मी फोन केला. आकडे दाबताना डावा डोळा उघडा आणि उजवा मिटलेला होता.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरबाई चिंगीच्या वयाची निघाली. तिने मला चौकटी चौकटींचा एक कागद दिला, मध्ये एक ठिपका होता. म्हणाली, डावा डोळा झाका, ठिपक्याकडे बघत राहा आणि रेघ जिथे वाकते तिथे पेनाने काढा. माझा हात आपोआप चालला. काढून झाल्यावर दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर माझ्या तपकिरी कागदावरचंच ते वळण होतं, लहान करून काढलेलं.

मग तिने यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात प्रकाश सोडला, बराच वेळ काही बोलली नाही. तो बराच वेळ मी कधी विसरणार नाही. "मागच्या पडद्याखाली पाणी झिरपतंय," ती शेवटी म्हणाली. "आधी आला असतात तर बरं झालं असतं. पण फार उशीर नाही झालेला. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, एक नाही, थोड्या थोड्या दिवसांनी."

"डोळ्यात म्हणजे डोळ्यातच?"

"डोळ्यातच."

माझी पाचावर धारण बसली. औषधाने बधिर करतात, दुखत नाही फारसं, सगळं खरं. पण पापण्या फाकवून धरल्या आहेत, मिटता येत नाहीत, आणि कडेने एक सुई येताना दिसते आहे, हे दुखण्यात धरत नाहीत का? मी कॉटच्या कडा घट्ट धरल्या होत्या. "हलू नका," डॉक्टरबाई म्हणाली, आणि मी हलले नाही. मनात मी फक्त चिंगीचा चेहरा धरून ठेवला होता, कपाळ, भुवया, नाक, डाव्या गालावरची लहानपणीच्या जखमेची खूण, एकेक करून.

"गेलेलं परत येईलच असं सांगत नाही," नंतर ती म्हणाली. "आहे ते टिकवायचं. ते वळण वाढलं नाही, म्हणजे आपलं औषध लागू पडलं. घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"आत्याला आहे. आणि आता मला."

"मुलं?"

"एक मुलगी."

"तिला सांगून ठेवा. तिची वेळ आली तरी खूप लांब आहे. पण घराण्यात आहे म्हटल्यावर अधूनमधून एकेक डोळा झाकून बघायची सवय लागलेली बरी."

बाहेर येऊन मी बाकावर बसले. डोळ्याला पट्टी होती, आणि त्या पट्टीखाली काय होतंय याचा मी तेव्हा मुळीच विचार करत नव्हते.

चिंगीला त्याच दिवशी सांगितलं. ती रडली नाही, चिडली. "मला वाकडी शिवण दिसली तेव्हाच का नाही बोललीस? मी हसले तुला! तू मला हसू दिलंस!" दोन जेवणं ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या जेवणाला म्हणाली, गाऊन राहू दे, मी विकत घेते. तेव्हा मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, अजून मेले नाही मी, आणि कपाटातून हिरवं कापड काढून टेबलावर आपटलं.

ते कापड मी डाव्या डोळ्याने कापलं आणि आत्याच्या बोटाने शिवलं. म्हणजे वीतभर शिवण झाली की मी मशीनवरून कापड उचलून तिच्या हातात द्यायची, ती नखाने चाचपायची आणि "जाऊ दे पुढे" म्हणायची. एका ठिकाणी म्हणाली, "उसव." मला तिथे काही दिसत नव्हतं, दोन्ही डोळ्यांनी सुद्धा नाही. तरी उसवलं. वाद घालायची माझी छाती नव्हती. या खटाटोपात मध्ये दुसरं इंजेक्शनही होऊन गेलं. पहिल्याइतकीच भीती वाटली, जरासुद्धा कमी नाही.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी, ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा, चिंगी गाऊन घालून आरशासमोर उभी राहिली. मी जमिनीवर बसून घेराची एक राहिलेली टीप घालत होते. आत्या उठून आली, तिने चिंगीच्या गळ्याशी बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं, जमेल तेवढं वाकून.

"सरळ आहे," ती म्हणाली. "आता तू बघ."

मला बघायचं नव्हतं. इंजेक्शन झाल्यापासून मी छत बघणं सोडलं होतं. काय दिसेल याची धास्तीच इतकी होती. पण आत्या तिथून हलेना. मी मागे सरकले आणि डावा डोळा मिटला. शिवण गळ्यापासून निघाली. छातीखाली आली. वळली. पोटाला वळसा घालून ती पुन्हा आपल्या जागी आली आणि सरळ खाली उतरली. मांजरपाटावर मी काढलं होतं तेवढंच वळण होतं. मळकट डागही तेवढाच होता, आणि त्याच्या भोवतीचा हिरवा रंग शाबूत होता.

"तेवढंच आहे," मी म्हणाले. "आत्या, वाढलं नाही. तेवढंच आहे."

आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, मान वर केली आणि मला आरशात चिंगी दिसली.

ती स्वतःकडे बघत नव्हती. तिने तळहाताने डावा डोळा झाकला होता आणि आरशातून मागच्या दाराकडे, स्वयंपाकघराच्या चौकटीकडे बघत होती. हात काढला. पुन्हा झाकला. माझं लक्ष गेलंय हे कळल्यावर तिने तो हात केस सारखे करायला वर नेला.

"काय बघतेस?"

"काही नाही गं."

"चौकट कशी दिसते?"

"सरळ आहे की," चिंगी म्हणाली. पटकन म्हणाली आणि गोड आवाजात म्हणाली. "चल आई, उशीर होईल."

आत्याचा माझ्या डोक्यावरचा हात थांबला. तो आवाज आम्हा दोघींच्या ओळखीचा होता. याच घरात, याच चौकटीबद्दल, मी तो वापरला होता.

मी उठले. खुर्ची ओढली आणि चिंगीला चौकटीसमोर बसवलं, गाऊनच्या घडीचा विचार न करता. तिचा डावा डोळा मी माझ्या तळव्याने झाकला. तिच्या पापण्या माझ्या हाताखाली फडफडत होत्या.

"आता सांग," मी म्हणाले. "वरपासून खालपर्यंत. सावकाश."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"वाजू दे," आत्या म्हणाली.